पंचवीस डिसेंबरचं ताट

(आमच्या वस्तीतल्या विहाराच्या हॉलमध्ये डिसेंबरच्या पहिल्या रविवारी केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



मित्रांनो, मला कवितेवर बोलायला सांगितलं होतं. मी जेवणावर बोलणार आहे. ज्यांना कविताच ऐकायचीय त्यांनी खाली जाऊन चहा मारून यावं, शेवटी दोन वाचीन.

झालं असं, मागच्या मिटिंगला आपल्यातल्याच एका मित्रानं चारचौघांत विचारलं, "तुझ्या घरी नाताळ होतो. खिडकीत चांदणी लागते. डुक्कर शिजतं. मग तू बौद्ध कसा रे?" दोघंतिघं हसले. मी गप्प बसलो. रात्रपाळी करून आलो होतो, स्टीलच्या कॉइलला साखळ्या बांधून बांधून बोटं वळत नव्हती, तिथं जीभ काय वळणार? पण प्रश्न डोक्यात राहिला. प्रश्न वाईट नाही. मी तो घरी नेला आणि चुलीवर ठेवला. आज उतरवून आणलाय.

मी मॅट्रिक माणूस. माझ्याकडून फार पांडित्याची अपेक्षा करू नका. बाप मंडणगड तालुक्यातला, बौद्ध. तोही डॉकमध्येच होता. आई गोव्याची, बारदेशातली, ख्रिश्चन. तिचा बाप बोटीवर खलाशी. गोव्याचे तारवटी मुंबईत आले की गावाच्या क्लबात उतरायचे, त्याला ते लोक 'कूड' म्हणतात. तशा एका कुडीत तो आयुष्यभर पेटी ठेवून होता. पुढं माझगावात खोली घेतली. माझा बाप आणि माझी आई एकाच बसस्टॉपवर उभे राहायचे, बाकी तुम्ही समजून घ्या. १९९६ साली रजिस्टर लग्न केलं. ना चर्च, ना विहार. दोन्हीकडचे लोक रागावले, आणि दोन्हीकडचा राग सारखाच होता, भाषा तेवढी वेगळी.

आता ताटाची गोष्ट. गोव्याच्या ख्रिश्चनांत नाताळला गोडाधोडाचं ताट शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे पाठवतात. त्याला कोन्सुआद म्हणतात. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, नारळाच्या वड्या, वर क्रोशाचा रुमाल. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाला आईनं असं ताट सजवून स्वतःच्या आईला, म्हणजे माझ्या वडली मायला पाठवलं. घेऊन गेला माझा बाप. वडली मायनं ताट दारातच घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आलं. धुऊन, पुसून, रिकामं. रुमाल घडी घालून वर.

माझी आजी, बापाची आई, तिला आम्ही बय म्हणतो. बयनं ते ताट हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं. आपल्याकडं कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी टाकतात. बय म्हणाली, "हे मला माहीत हाय. आमच्या गावात पन भांडं असंच येवाचं." बस, एवढंच बोलली. आई मोरीत जाऊन रडली.

आणि वडली माय कोण होती? कुणी मोठी जमीनदारीण? छट्. गोव्याच्या ख्रिश्चनांत बामण असतात, चारडो असतात, त्यांच्या खाली सुदीर. वडली माय सुदीर. तिच्या गावच्या चर्चमध्ये तिच्या लहानपणी वरच्या जातीची माणसं पुढं आणि तिची माणसं मागं, हे तिनंच मला सांगितलंय. येशू सगळ्यांचा, बाकं ज्याची त्याची! तर जिला बाकावर जागा नव्हती तिला माझ्या बापाच्या घरचं गोड चालत नव्हतं. साली ही जात अशी नागीण आहे.

तिच्या लोकांना बाटवलं कसं, याची एक गोष्ट ती सांगायची. तुम्हीही ऐकली असेल, वसईकडं, कोकणातही सांगतात. पाद्र्यानं रात्री विहिरीत पाव टाकला. सकाळी गावानं पाणी प्यालं. मग कुणी तरी ओरडला, पाव टाकलाय! संपलं. सगळं गाव बाटलं. परत घ्यायला शास्त्र तयार नाही. आता हे असंच घडलं की धर्मांतराची दुसरी कारणं होती, त्यात मी जात नाही. पण गोष्ट सांगणाऱ्याला ती खरी वाटते, हे बघा. एका पावाच्या तुकड्यानं माणूस जन्माचा बाहेर.

आणि इकडं माझ्या बापाच्या जिल्ह्याशेजारी, महाडला, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तर तळं बाटलं! मग शेणगोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींनी तळं शुद्ध केलं. त्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं, गावात तळं भरलेलं असताना. आणि पाणी प्यायल्यावर काय झालं? आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई उठली आणि लाठ्या घेऊन लोक मंडपात शिरले. आपली माणसं जेवत होती. त्यांनी अन्न मातीत तुडवलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा डोकी फुटल्याचं मला एवढं लागलं नाही. डोकी आमची डॉकमध्येही फुटतात. पण पानातला घास मातीत तुडवणं! कवी म्हणून मला त्या घासाचं पुढं काय झालं हा प्रश्न छळतो.

तर आईच्या बाजूचे पावानं बाटलेले, बापाच्या बाजूच्यांच्या नुसत्या हातानं पाणी बाटलेलं. अशा दोघांचा मी पोर. आता मला सांगा माझा सण कोणता?

बयचा सण ऐका. बय आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. छप्पन्न-सत्तावन साली गावातल्या आपल्या वाडीनं देव नदीत सोडले, तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. त्याच्या आधीचे सण तिला आठवतात. सण म्हणजे मागणं. आई टोपली घेऊन गावात फिरायची, ही तिच्या पदराला धरून. दारापासून लांब उभं राहायचं, हाक द्यायची, वरून टोपलीत पडेल ते घ्यायचं. एका घरची पोळी, दुसऱ्या घरचा भात, तिसऱ्या घरची मोडलेली करंजी, सगळ्यावर कुणाची तरी कालची आमटी. घरी येऊन ते निवडायचं. बय म्हणते, "आमच्या पोलीला सात घरांची चव होती. आपल्या घरची न्हवती." पुस्तकं लिहिणारे याला बलुतं म्हणतात, हक्क म्हणतात. बय त्याला टोपली म्हणते.

मग धर्मांतर झालं. टोपली फेकली. शिमग्याचा मान फेकला. मेलेलं ढोर ओढणं आणि खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी महाडलाच सांगितलं होतं, तेही सुटलं. आणि मित्रांनो, इथं एक गोष्ट कुणी लिहीत नाही. सण सुटले की सणाचं खाणंही सुटतं. चौदा एप्रिल आला, विजयादशमीचा धम्मचक्र प्रवर्तन दिन आला, बुद्धपौर्णिमा आली. पण शिजवायचं काय? आपल्या नव्या सणांना कुणी पाककृती ठेवलेली नव्हती. आईच्या सणाला चारशे वर्षांची पाककृती, त्यात पोर्तुगीजही आणि त्यांच्या आधीचे बापजादेही. आपल्या सणाला वय किती? बयच्या पिढीनं ती तयार केली. बुद्धपौर्णिमेला सुजाताची आठवण म्हणून खीर. जयंतीला कुणाकडं पुरीभाजी, कुणाकडं मटण, कुणाकडं नुसतं वरणभात आणि बुंदी. आमच्या बयनं जयंतीला शेवयांची खीर ठरवली. का, तर तिला लहानपणी ती कधी टोपलीत मिळाली नाही, पातळ असते, वरून टाकता येत नाही. म्हणून! एवढं साधं कारण. याच्यावर कविता लिहायला मी तीन वर्षं धडपडतोय, जमत नाही.

दुसरी गंमत. गोव्याची नेवरी म्हणजे आपली करंजीच. ख्रिश्चन झाले तरी लोकांनी हातातली मुरड सोडली नाही. पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयानं, इन्क्विझिशननं, १७३६ साली फतवा काढून काय काय बंद केलं ते बघा. लग्नातली गाणी बंद, धोतर बंद, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवायचा नाही! भातातल्या मिठावरून धर्म ओळखणारे ते, आणि डब्यात काय आहे त्यावरून देशभक्ती ओळखणारे आजचे. दोघांना एका बोटीत भरून मुंबईच्या खाडीत सोडलं पाहिजे. तर नेवरी वाचली. दिवाळीतून निघून नाताळात जाऊन बसली. आणि आमच्या बयनं, जिनं जन्मभर मोडलेली करंजी खाल्ली, तिनं स्वतःच्या हातानं पहिली करंजी केली ती नाताळला, वयाच्या पन्नाशीत, ख्रिश्चन सुनेच्या शेजारी बसून. दिवाळी आपली नाही म्हणून ती करायची नाही, आणि करंजी तर करून बघायचीच होती. अख्खी.

दोदोल बापाकडं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, माडाचा काळा गूळ, आणि तीन-चार तास न थांबता घोटायचं. थांबलं की बुडाला लागतं. आई म्हणते या कामाला डॉकचाच हात पाहिजे. हे दोदोल इंडोनेशिया-मलेशियातही आहे आणि तिथंही त्याला दोदोलच म्हणतात. म्हणजे कधी काळी कुणा खलाशाच्या पेटीतून आलं असणार, आम्ही काय ते उतरवून घेतलं. आणि केक दोन होतात. एक रममधला, एक संत्र्याच्या रसातला. कारण बापानं बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, त्यात दारू नाही. तो संत्र्याचा खातो. आम्ही पोरं दोन्ही खातो, ही कबुली इथं विहारात देतो, लिहून घ्या.

आता डुक्कर. इथं आपली आपल्यालाच लागणारी गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका.

आई सोरपोतेल करते. डुकराचं मांस, काळीज, जीभ, जुन्या पद्धतीत रक्तही, सगळं बारीक चिरून, मिरची आणि शिरका घालून. आज केलं तर परवा खायचं, मुरावं लागतं. मोठ्या हॉटेलात याची प्लेट केवढ्याला मिळते ते बघून या. लोक इंग्रजीत वाखाणत खातात. आणि आपली वजडी, रक्ती, उन्हात वाळवलेल्या चान्या? त्याला घाण म्हणायचं. जनावराचा तोच भाग. मधे समुद्र आहे, एवढाच फरक. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली काढलं. आपल्यातल्या किती जणांनी वाचलंय? हात वर करा. दोन. बरं.

त्याच २०१५ सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रात बैल आणि वळू कापण्यावरही बंदी आली. पाच वर्षं तुरुंग, दहा हजार दंड. मी तेव्हा दहावीला होतो. आईचं नाताळचं रोस्ट आणि बयच्या चान्या, दोन्ही चुली एका दिवसात गुन्हेगार झाल्या. परराज्यातून आणलेलं जवळ बाळगण्यापुरतं कलम पुढच्या वर्षी, २०१६ ला, हायकोर्टानं रद्द केलं. पण भीती रद्द होत नाही. तेव्हापासून म्हशीचं असलं तरी आई कुकरची शिट्टी होताना रेडिओ मोठा करते.

पण डुकराचं सांगत होतो. बयनं सोरपोतेलला कधी हात लावला नाही. वाटलं वयामुळं असेल. एकदा विचारलं. म्हणाली, "त्ये आपल्यात न्हाय खात. त्ये मांगांच्यात." ऐकलंत? वडली मायनं ताट रिकामं पाठवलं त्याला आपण जात म्हटलं. बयच्या या वाक्याला काय म्हणायचं? आवडनिवड? जिच्या टोपलीत गावानं वरून भात टाकला तिच्या ताटालाही खालची पायरी पाहिजेच. आणि ही माझी बय आहे, माझ्या काळजाचा तुकडा आहे, तरी सांगतो.

२०२० चा एप्रिल. टाळेबंदी. जयंती सगळ्यांनी घरात केली, आठवतं ना? चौकात एक दिवा आणि पोलिसाची शिट्टी. डॉक चालू होतं, मला पास होता. आमच्याकडं डॉकमध्ये चौदा एप्रिल तसाही दोनदा येतो. १९४४ च्या चौदा एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' बोट फुटली, दारूगोळा आणि कापूस एकाच पोटात भरलेला. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांची आठवण त्या दिवशी अग्निशमन दल काढतं. कामगार किती गेले त्यांची नावं कुणी वाचत नाही. असो. तर त्या दिवशी वडली माय माझगावच्या खोलीत एकटी. मुलगा आखाती देशात अडकलेला, खाली दुकान बंद. बयनं शेवयांच्या खिरीचा डबा भरला आणि मला म्हणाली, "पालीला जाताना त्या बाईकडं दे." मी दारात डबा ठेवला, लांब उभा राहिलो. त्या वेळी सगळं जगच लांब उभं होतं, त्यामुळं कोण कुणाला शिवत नाही ते कळत नव्हतं. तीन दिवसांनी परत गेलो तर डबा तयार होता. उघडला. आत सुक्या सुंगटांची मूठ.

चोवीस वर्षांनी भांडं भरून आलं. बयनं ती सुंगटं चटणीला घातली.

आता तुम्ही टाळ्या वाजवाल. थांबा. वाजवू नका. बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलंय. लाहोरच्या त्या न झालेल्या भाषणात, जातिनिर्मूलनाच्या पुस्तकात. सहभोजनं करून जात मरत नाही. आंतरजातीय लग्नं झाली पाहिजेत, आणि त्याच्याही मुळाशी शास्त्राचा धाक आहे तो उपटला पाहिजे. मला ते वाचून कळलं नव्हतं, घरात बघून कळलं. खीर खाल्ल्यानंतर दोन वर्षांनी माझ्या मामेबहिणीचं स्थळ आलं तेव्हा खाटेवरून उठता येत नसलेल्या वडली मायनं पहिला प्रश्न काय विचारला? मुलगा चारडो की सुदीर? २०२३ साली ती वारली. तिची दोदोलची तांब्याची कायल आता आमच्याकडं आहे. जड आहे, दोघांनी उचलावी लागते.

आणि आता आमच्याच घरात. माझी धाकटी बहीण नर्स आहे. तिनं मुलगा निवडलाय. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, पोरगा सोन्यासारखा, मातंग समाजाचा. जानेवारीत रजिस्टर लग्न आहे. बाप हो म्हणाला, आई हो म्हणाली. बय त्या दिवसापासून रात्रीचं जेवत नाही. आपल्या बॅनरवर अण्णा भाऊ साठे बाबासाहेबांच्या शेजारी असतात, आपण १ ऑगस्टला जाऊन हार घालतो, आणि पोरगी द्यायची वेळ आली की घरातल्या म्हाताऱ्या जेवण सोडतात. म्हाताऱ्याच कशाला? आपल्यातल्या दोघांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय की थोडा विचार कर. नावं घेत नाही. त्यांना माहीत आहे, मला माहीत आहे.

मुलाची आई मागच्या आठवड्यात घरी आली होती. दोघी बायका काय बोलतील म्हणून मी धास्तावलो होतो. तर त्या डुकरावर बोलल्या. आई म्हणाली, आम्ही शिरक्यात मुरवतो. ती म्हणाली, आम्ही सुक्कं करतो, चरबीतच परतायचं, वरून तेल नाय, शिरकाबिरका नाय. पाऊण तास चाललं. बय आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून.

माझ्या मित्राचा प्रश्न होता, नाताळ करणारा बौद्ध कसा. तर ऐक मित्रा. मी येशूची प्रार्थना करत नाही, कुणाचीच करत नाही. आई करते, तो तिचा प्रश्न. पण पंचवीस डिसेंबर माझाही आहे, आणि तो नुसता आईकडून आलेला नाही. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब मुंबईहून बोटीनं निघाले, दासगावला उतरून महाडला गेले. सभेला जागा द्यायला एक हिंदू तयार नव्हता, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. आणि २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली. मनुस्मृतीत कुणी कुणाच्या हातचं खायचं नाही याची यादी आहे, उष्टं कुणाला द्यायचं तेही आहे. बयच्या टोपलीचा कायदा तिथं लिहिलेला आहे. तो ज्या दिवशी जळाला त्या दिवशी माझ्या घरात एक गोव्याची बाई नेवऱ्या तळते आणि एक महाराची म्हातारी मुरड घालते. आता सांग, मी चांदणी उतरवू?

या पंचवीसला सकाळी अकराला चौकात दहनाचा कार्यक्रम आहे, पत्रक तुम्हाला मिळालंच आहे. तो झाला की आमच्या घरी जेवण. मुलाकडचे सगळे येणार आहेत, पंधरा-सोळा माणसं. सोरपोतेल असेल, मुलाची आई तिचं सुक्कं घेऊन येणार आहे, खीर असेल, ज्यांना काहीच चालत नाही त्यांच्यासाठी वरणभात. ज्या दोघांनी मला विचार कर म्हणून सांगितलं त्यांनी जरूर यावं.

बय येऊन पंगतीत बसेल का, मला माहीत नाही. तिनं अजून हो म्हटलेलं नाही. काल पाळीवरून आलो तर खवणीवर बसली होती. सारणाला दरवर्षी सात नारळ लागतात. मी करवंट्या मोजल्या, अकरा झाल्या होत्या. विचारलं नाही काही. पाय धुतले आणि झोपलो.

ताटं मात्र आमच्याकडं चौदाच आहेत. येताना आपापलं आणा.

चला, दोन कविता राहिल्यात.